नवऱ्याची जागा

गल्लीत त्यांना सगळे फ्रिजवाल्या काकू म्हणत. कुणी कौतुकाने तशी हाक मारली की काकू घाईने विषय बदलायच्या, कारण ते काम मुळात नवऱ्याच्या वाट्याला आलं होतं.

नवरा छापखान्यात मशीनमन. छापखाना बंद पडला, त्याच सुमारास सरकारने नवं धोरण आणलं. काम गेलेल्यांना दुसरा धंदा शिकवायचा, वयाची अट नाही आणि एखाद्याला जमलंच नाही तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कुणीही शिकावं. शिकायला वय नसतं, असं भिंतीभिंतीवर रंगवलेलं. "वय नसतं, पण गुडघे असतात ना," असं म्हणत नवरा प्रशिक्षण केंद्रात जाऊ लागला. फ्रिज दुरुस्तीच्या वर्गात त्याचा नंबर लागला.

संध्याकाळी तो धडा मोठ्याने घोकायचा आणि काकू भांडी घासता घासता ऐकायच्या. गॅस कुठून निघतो, कुठे थंड होतो, फिरून कुठे येतो, हे त्यांच्या डोक्यात लख्ख बसायचं. त्याचं गाडं मात्र कॉम्प्रेसरपाशी अडायचं. आधी त्या हळूच पुढचं सांगत. मग सांगेनाशा झाल्या. का, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

एक दिवस मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याची दातखीळ बसली, आणि वर्गातली विशीतली मंडळी हसली. घरी येऊन तो खाली मान घालून म्हणाला, "उद्यापासून मी जात नाही."

बायकोने अशा वेळी काय म्हणावं, हे काकूंना कळत होतं. चार दिवस दम धरा, जमेल. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्या म्हणाल्या, "बरं. मग मी जाऊ का?"

तो जा म्हणाला.

काकू शिकल्या, आणि एका दवाखान्यात लागल्या. तिथे लसींचे फ्रिज सांभाळायचे. बंद पडलेलं यंत्र हाताखाली पुन्हा घुमायला लागलं की त्यांना एकटीलाच हसू फुटायचं. घराचा जिना चढताना मात्र त्या ते हसू पुसून टाकत. नवरा आता स्वयंपाक करू लागला होता, डबा भरून देत होता. त्याने एकदा तरी कुरकुर करावी, भांडावं, असं त्यांना वाटे. तो आपला डब्याचं झाकण नीट लागलं का ते बघायचा.

एकदा केंद्राचे मास्तर दवाखान्यात भेटले. नियम बदलला होता. मध्येच सोडून गेलेल्यांनाही आता दुसरं काम शिकायला येता येणार होतं. यजमानांना पाठवा, म्हणाले. काकू हो म्हणाल्या, आणि घरी येऊन गप्प राहिल्या. उद्या सांगू, परवा सांगू. तो गेला तर घराचं कोण बघणार, हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

पुढे एका रविवारी शेजारणीचा फ्रिज बिघडला. काकू मागच्या बाजूला वाकून बघत होत्या, नवरा टॉर्च धरून उभा. शेजारणीने सहज विचारलं, काकांनाही येतं वाटतं हे काम? तो हसून म्हणाला, "मला टॉर्च धरता येते."

घरी आल्या आल्या काकूंनी सगळं सांगून टाकलं. नियम बदलल्याचं, आपण ते दडवल्याचं. आणि शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला अडवायला हवं होतं. तुम्ही सोडावं, असंच मला वाटत होतं."

त्याने टॉर्च जागेवर ठेवली. मग म्हणाला, "अडवलं नाहीस ते बरंच झालं, असं मी रोज स्वतःला सांगतो. रोज सांगावं लागतं, एवढंच."

 जेवायला बसल्यावर त्यानेच विचारलं, कोणकोणते वर्ग आहेत?

त्याने सोफ्यांचं काम निवडलं. गाद्या भरणं, कापड ताणून ठोकणं. या वेळी त्याने वर्ग पुरा केला, आणि आता एका दुकानात अर्धा दिवस जातो. बोटं सुजवून घरी येतो. छान चाललंय, म्हणतो. ते खरंच छान चाललंय की आपल्याला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणतो, हे विचारायला काकूंची जीभ अजून रेटत नाही. त्या गरम पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवतात आणि तो त्यात हात बुडवून बसतो.