आमच्या घरची कुऱ्हाड

मला आणि माझ्या चुलतभावाला एकाच वर्षी मेडिकलला जागा मिळाली. पोलिसांचा चालचलनाचा दाखला तेवढा यायचा राहिला होता. कळंबजवळच्या आमच्या गावातून तोवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं. तो पहिला मान मला एकट्याला हवा होता, आणि भावाचं घोडं दाखल्यापाशी अडेल अशी मला घट्ट आशा होती. निजामाच्या राज्यात शिंदीची झाडं तोडताना तो पकडला गेला होता. शिंदीच्या ताडीवर सरकारला कर मिळायचा, तो बुडावा म्हणून गावोगावची पोरं झाडं तोडत. त्यापायी तो कोठडीत राहून आला होता.

चुलती तुळजापूरच्या देवीला नवस बोलली. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या.

चौकशीला आले ते त्याला पकडणारेच जमादार. राज्य बदललं तरी त्यांची नोकरी टिकली होती. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि भावाला जवळ बोलावलं.

"तवा तुला धरायचा हुकूम होता," ते म्हणाले. "आता तुला सलाम करायला पायजे." आणि म्हातारा खरंच उठून उभा राहिला. चुलतीनं डोळ्यांना पदर लावला.

मग त्यांनी माझी चौकशी केली. आईनं दाराआडून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की झाडं तोडली त्या दिवशी तिनं मला खोलीत कोंडून घातलं होतं, पोरानं उंबरासुद्धा ओलांडला नाही. जमादारांनी मान डोलावली आणि लिहिलं, 'काही नाही'. इतक्या वर्षांच्या माझ्या चांगुलपणाचं एवढंच झालं. मला राहवलं नाही.

"जमादारसाहेब, कुऱ्हाड आमची होती. म्याच दिली खिडकीतून."

"व्हय का?" ते भावाकडे बघून हसले. "जप्तीच्या मालावर तर ह्याच्याच नावाची चिठ्ठी हाय."

भाऊ काहीतरी बोलणार, तोच माझे वडील मध्ये बोलले. जप्त झाल्यापासून ते त्या कुऱ्हाडीसाठी हळहळत होते. ती आता परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

"मिळंल की," जमादार म्हणाले. "पण अर्ज ह्यालाच करावा लागंल."