नंदीचा दुसरा डोळा

पोळ्याचा आदला दिवस, संध्याकाळ. हजर: मी, भाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. अंगणात दोन बैल, माझ्या टेबलावर एक लाकडी.

लाकडी नंदी भाचीचा. परवाच्या तान्ह्या पोळ्यात गावातली लेकरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवणार होती आणि तिला आपल्या नंदीचे डोळे पेटायला हवे होते. मी कबूल केलं होतं: दोन लाल एलईडी, पोटाखाली बटण आणि सेल.

"त्याले चष्मा पण लावून दे, ताई," भाऊ म्हणाला होता. "म्हातारा दिसते."

नोकरी सांभाळून मी घरी टॉर्च, बल्ब, मिक्सर दुरुस्त करत असे, त्यामुळे लेकरू घरात असताना सोल्डरिंग कसं करायचं याचे माझे नियम ठरलेले होते. टेबल उंच. वायर भिंतीच्या बाजूनं. जोड वितळवायचं तापलेलं आयर्न हातात नसलं तर स्टँडमध्येच. सोल्डरच्या तारेत शिसं असतं, म्हणून ती झाकणाच्या डब्यात, आणि काम संपलं की टेबल ओल्या फडक्यानं पुसून, साबणानं हात धुऊन मगच पोरीला जवळ घ्यायचं. सगळ्यात वरचा नियम, दार बंद.

त्या दिवशी दार उघडं होतं. खिडकीची झडप पावसानं फुगून अडकली होती आणि धूर आतच कोंडत होता. मी विचार केला, बाहेर खांदशेकणी सुरू आहे, ती सोडून पोरगी कशाला येईल? वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी हळद-लोण्यानं शेकतात. पळसाचं पान कोमट लोण्यात बुडवून खांद्यावर दाबायचं, मग बैलाच्या कानात दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतन द्यायचं. भाची बापाच्या मागं मागं पान घेऊन फिरत होती.

डावा डोळा लागला, पेटलाही. उजव्याची वायर नंदीच्या मानेतून ओढून मी खांद्याजवळ जोड द्यायला वाकले. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

"आत्या, तू एकटीच शेकून राहिली? मले काहून नाही बोलावलं?"

ती खुर्चीवर उभी होती. लोण्यानं निथळणारं पान तिनं आयर्नच्या टोकाकडे नेलं होतं. माझ्या नियमांत खोडकर लेकरू धरलेलं होतं. मदतीला आलेलं नव्हतं. बैलाच्या खांद्यावर काहीतरी गरम धरलेलं तिला दिसलं आणि त्या दिवशी आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता.

ओरडले असते तर ती दचकून पुढेच आली असती. मी डावा हात मध्ये घातला, उजव्यानं आयर्न मागं ओढलं. टोक माझ्याच मनगटाला लागलं.

"थांब माय," मी हळूच म्हटलं, "याचं आवतन राहिलं. आधी कानात सांग."

ती नंदीच्या कानाशी वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढ्यात मी प्लग काढला, आयर्न कपाटावर ठेवलं आणि तिला उचलून बाहेर आणलं.

माझं मनगट पाहून वहिनी हळदीची वाटी घेऊनच धावली. "लावा न ताई, थंड पडते."

"हळद नको, वहिनी. पाणी सोड. अन् हिचे हात साबणानं धू, टेबलाले लागले असतील."

नळाखाली मनगट धरून मी बराच वेळ उभी राहिले. भावानं पोरीचे हात उलटेपालटे करून पाहिले.

तान्ह्या पोळ्यात नंदी एका डोळ्यानं मिरवला. विचारेल त्याला भाची सांगत होती, "दुसरा झोपून राहिला."

तिनं उठवायला सांगितलं तेव्हा मी अट घातली: आधी खोलीला जाळीचं दार, आतून वर कडी. धूर बाहेर जाईल, पोरगी आत येणार नाही, आणि बाहेर उभी राहून तिला सगळं पाहता येईल. सुतार माप घेऊन गेला. धान कापणीनंतर येतो म्हणाला, मग पुढच्या पावसाळ्यातल्या रोवणीनंतर. भाची आता शाळेत जाते. आयर्न कपाटावर आहे, उजव्या डोळ्याची वायर नंदीच्या खांद्यातून बाहेर लोंबते आहे, आणि दार अजून बसायचं आहे.