पाहणीच्या दिवशीचं ऊन

विजयाताई रिंगे बँकेतून रिटायर झाल्या आणि हिंदी मुलखातल्या त्या शहराच्या फ्रीगंज भागातलं भाड्याचं घर सोडून गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत राहायला गेल्या. नवरा अरविंद दम्याचा पेशंट, त्याला मोकळी हवा मिळावी एवढाच हेतू होता. पहिल्याच आठवड्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काळ्या ठिपक्यांनी भरून गेल्या. कॉलनीच्या मागे पोह्यांचा कारखाना होता. त्याच्या भट्टीत भाताचं तूस जळायचं आणि राख वाऱ्याबरोबर थेट इकडे यायची. अरविंद दुपारीसुद्धा खिडक्या लावून, उशीला टेकून बसून राही.

ताईंनी सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. प्रदूषण खातं तत्पर निघालं. दोनच दिवसांत जीप आली, साहेब उतरले, कारखान्याच्या चिमणीकडे बघितलं. चिमणी अशी स्वच्छ उभी होती, जणू तिला धूर हा शब्दच माहीत नाही.

"मॅडम, धुआँ तो है ही नहीं," साहेब म्हणाले.

"आज नाहीये. कल देखिए, परसों देखिए."

साहेबांनी कल-परसों बघितलं नाही. ते गच्चीवर चढले. तिथे शेगडीवर कुरडयांचा चीक शिजत होता. त्यांचा चेहरा उजळला. प्रदूषण सापडलं होतं. पुढच्या आठवड्यात नोटीस आली ती ताईंना: उघड्यावर कोळसा जाळल्याबद्दल. अख्ख्या भागात वायुप्रदूषणाबद्दल कारवाई झालेली व्यक्ती एकच, बँकेतून निवृत्त झालेली, कुरडया करणारी.

ताईंना राग आला, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. पाहणीच्या दिवशीच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या होत्या. शेजारच्या मधुराचा भाऊ कारखान्यात हिशेब बघायचा. त्याने सहज सांगून टाकलं, "साहेब निघायच्या आधी मालकांना फोन येतो. मग दिवसभर भट्टी बंद. जाताना जीपमध्ये पोह्यांचं पोतं ठेवावं लागतं, बस."

मग ताईंनी पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. पाहणीचा दिवस कळला, भट्टी थंड झाली, ताईंनी सकाळीच कुरडया घातल्या. अरविंद खिडकी उघडून पेपर वाचत बसला. साहेब आले, चिमणी बघून गेले, पोतं घेऊन गेले.

हे असं चालू झालं. गोधड्या धुवायच्या असल्या की ताई तक्रार करत. हळूहळू कॉलनीला चटक लागली. कॉलनीतल्या सुलभाच्या मुलीची हळद अंगणात होती. सुलभा येऊन म्हणाली, "ताई, शुक्रवारी जमवा ना काहीतरी." ताईंनी जमवलं. पाहुण्यांनी कॉलनीच्या हवेची तारीफ केली. त्यात साहेबांच्या जीपचा वाटा होता, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी साहेब स्वतः घरी आले. तक्रारी बंद होत नव्हत्या आणि वरून विचारणा होत होती.

"आंटीजी, आप आख़िर चाहती क्या हैं?"

"भट्टी बंद रहे."

"जब हम आते हैं, बंद ही तो रहती है."

"इसीलिए तो आपको बुलाती हूँ."

साहेबांना चहा दिला होता. तो त्यांनी संपवला नाही.

मग खात्याने कायमचा उपाय काढला. गाळणी लावायची म्हणजे मालकाला खर्च आणि मालक तर आपला माणूस. तेव्हा चिमणी उंच केली. नव्या चिमणीला झेंडूचे हार घातले, एका पुढाऱ्याने स्वच्छ हवेवर भाषण केलं, कॉलनीत पेढे वाटले. राख खरंच यायची थांबली. हेल्पलाइनवरून फोन आला, "मॅडम, आप संतुष्ट हैं?"

ताईंनी उत्तर द्यायला थोडा वेळ मागितला. दुसऱ्या दिवशी धूर जातो त्या दिशेने ऑटो करून त्या रेल्वे रुळांपलीकडे गेल्या. तिथे वीटभट्टीवर राबणाऱ्यांची वस्ती होती. धूर कॉलनीवरून उडून आता तिथे उतरत होता. विमला नावाची एक बाई दोरीवरचे कपडे झटकत होती आणि प्रत्येक झटक्याला काळं उडत होतं. पोराला खोकला लागलाय, ती म्हणाली, पण तक्रार केली तर आपल्यालाच हाकलतील.

घरी येऊन ताईंनी हेल्पलाइनला कळवलं, "नहीं, संतुष्ट नहीं हूँ."

"अगं, आपलं तर झालं ना?" अरविंद म्हणाला.

"आपलं झालं म्हणजे धूर गेला नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी फक्त त्याचा पत्ता बदलला."

त्या पुन्हा विमलाकडे गेल्या. तक्रार आपल्याच नावाने आणि आपल्याच नंबरवरून नोंदवली, पत्ता मात्र वस्तीचा दिला. चार दिवसांनी जीप रुळांपलीकडे वळली. चिमणी थंड होती. विमलाने आणि शेजारणींनी घरातलं सगळं पांघरूण बाहेर काढून धुतलं आणि साहेब त्या ओल्या गोधड्यांच्या रांगांमधून वाकून वाट काढत पाहणी करत राहिले.