पायाखालची सावली

सोलापूरच्या नवी पेठेत लिंबं विकणारी कुंभारी गावची एक बाई मी त्या मे महिन्यात रोज बघायचो. तिचा नवरा दवाखान्यात पडून होता. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. ती उन्हात उभी राहून स्वतःची सावली बघायची, आणि ती आखडून पायाशी आली की नवऱ्याचा डबा उचलून निघायची.

एके दुपारी ती डबा छातीशी धरून जागच्या जागी फिरत होती. सावली कुठल्याच बाजूला नव्हती.

"सावली गेली की मानूस टिकत न्हाय म्हंत्यात," ती म्हणाली.

"मावशी, आज सूर्य बरोब्बर डोक्यावर आलाय. वर्षातून दोनदा येतो. तुमचीच काय, माझीपण नाही बघा."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, पण चेहरा काही सैलावला नाही.

"आपली यील की माघारी. त्ये छपराखाली पडल्यात. त्येंची हाय का गेली, कुनी बघायचं?"

बोटभर सावली परत दिसेपर्यंत ती हलली नाही. मग मात्र पळतच सुटली. लिंबांची पाटी तिथंच राहिली.

त्यानंतर ती मला दिसली नाही. सूर्याचं मी सांगितलं ते खरंच होतं. तरी भर दुपारी तिथून जाताना माझी नजर आधी पायाशी जाते.