मी देऊन टाकलेलं गाव

हे आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. भावाच्या नाही, शाळेतल्या मैत्रिणींच्या नाही — आणि ज्यांच्या कानावर जायला हवं होतं, त्यांच्या तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही. सरांना भेटणार नाही.

सर म्हणजे माझे यजमान. लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. सगळी मुलं सर म्हणायची, म्हणून मीही. मी शाळेच्या ऑफिसात होते. माझी ओळख सांगायची तर एवढीच — हिचं कधी काही राहून जात नाही. किराणा, गॅस, आहेर, लाइट बिल, सगळ्याच्या याद्या फ्रिजच्या दारावर. काम झालं की काट. भांडीवाली मावशी म्हणायची, "बाई, तुमच्या हातनं कधी काय चुकतंय का न्हाई?" मला ते आवडायचं. फार आवडायचं.

गोष्ट कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं मीही कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं.

इंजिनिअरिंगला लागलेला एक विद्यार्थी जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर आम्हाला देऊन गेला. त्यात तो खेळ होता. एक राज्य उभं करायचं. आपली पाळी आली की शहर वसवायचं, रस्ता काढायचा, देऊळ बांधायचं, सैन्य उभं करायचं. मग पाळी संपली असं सांगायचं, की शेजारचे राजे त्यांची पाळी खेळतात. घाई नाही. खेळ तुमच्यासाठी थांबतो. पण शहरं वाढली की खर्च वाढतो आणि खजिना आटतो. देवळं बांधली की लोक शांत राहतात, पण देवळांनाही खर्च आहे. धर्म बदलला तर शेजारी खूश, आपली माणसं नाराज. ही सगळी तारेवरची कसरत. मला खेळ एका बैठकीत समजला. घर चालवणारीला न समजण्यासारखं त्यात काय आहे?

सर मात्र वेगळंच खेळायचे. गावांमागून गावं वसवत जायचे, आणि प्रत्येकात आधी देऊळ. घरी सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय चहा न घेणारा माणूस — खेळात जो धर्म हाती लागेल तो घ्यायचा. "धर्म कोणता का असंना, गावात देऊळ पाहिजे," म्हणायचे. खजिन्यात खडखडाट. मी मागे उभी राहून सांगायची, आधी बाजार बांधा, दोन गावं कमी वसवा. ते मान हलवायचे आणि पुढचं गाव वसवायचे.

त्या गावांना त्यांनी नावं दिली होती. त्यांच्या गावाचं नाव, आणि आसपासच्या गावांची.

त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. गणपती बुडवून सगळे झोपले होते, त्या भूकंपाच्या पहाटे. सर विसर्जनासाठी गावी गेले होते, मी लातूरला होते. माळवदाच्या मातीच्या छताखालून त्यांना काढलं. त्यांच्या आईला आणि धाकट्या बहिणीलाही काढलं — पण ते नुसतंच काढणं. सरांच्या डोक्याला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा मार आहे, पुढे कधी काही वाटलं तर दाखवा.

ते 'पुढे कधी' सरांच्या मनातून गेलं नाही. दाढी करताना मोठमोठे गुणाकार पुटपुटायचे. मला वाटायचं सवय आहे. मग एकदा म्हणाले, "तपासून बघतो गं, शाबूत हाय का. एक दिवस फळ्यासमोर उभा राहीन आन् काहीच आठवणार न्हाई." हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. जगात फक्त मला.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. बाहेरगावची मुलं येत होती, घरोघर खोल्या भाड्याने जात होत्या, चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो. सरांच्या क्लासच्या मालकांना नांदेडला शाखा काढायची होती आणि ती सरांनी बघावी असं त्यांचं म्हणणं होतं. सर नको म्हणायचे. मी धुसफुसायची — खेळात गावांवर गावं वसवतात, आणि खरोखरीची एक शाखा काढायला नको! तोंडावर मात्र मी काही म्हणाले नाही. नीटनेटकी माणसं तोंडावर भांडत नाहीत. ती दुसरीकडे कुठेतरी वचपा काढतात.

माझी शाळा सकाळची. एका दुपारी सर क्लासला होते आणि मी कॉम्प्युटरपाशी बसले. खजिना संपलेला, सैन्य पगाराविना पांगण्याच्या बेतात. उत्तरेचा राजा दुसऱ्या धर्माचा. त्याचं मागणं आलेलं होतं — डोंगरातलं ते लहान गाव द्या, आमचा धर्म घ्या, सोनं घ्या. त्या गावात धान्य पिकत नव्हतं. नुसता खर्च. कुणीही शहाणा माणूस देऊन टाकेल असं गाव.

नाव वाचलं होतं का मी? हो, वाचलं होतं.

दिलं. धर्म बदलला. आलेल्या सोन्यातून बाजार बांधले. पाळी संपवली, आणखी खेळले, आणि सरांच्या डावावरच सेव्ह करून टाकलं. राज्य असं ठीकठाक झालं होतं! संध्याकाळी त्यांना दाखवीन, म्हणेन, बघा — असं चालवतात.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. सर कॉम्प्युटर लावून बसले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, आपलं गाव न्हाई तिथं. मी दिलं का ते?"

त्या आवाजात राग नव्हता. रागावणारा माणूसच नव्हता तो. मी म्हणाले असते की मी दिलं, तर 'बरं' म्हणाले असते आणि पुन्हा पहिल्यापासून डाव मांडला असता. इतकं सोपं होतं. मग मी काय म्हणाले?

"तुम्हीच की. काल डोकं दुखत होतं तरी बसला होता. विसरलात?"

मान वर न करताच मी म्हणाले. हात कणकेत होते.

ते म्हणाले, "आन् धर्म पण बदलला मी?" मी म्हणाले, हो. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा घाईत तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल कदाचित — दुसऱ्यांदा काय म्हणाल?

त्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही. सर डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासण्यांत काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं? मला उलट हायसं वाटलं — चला, काही बिघडलं नाही.

पण इथवरच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. खरी गोष्ट पुढे आहे. त्या संध्याकाळनंतर मला एक सोय झाली. लाइट बिलाची तारीख माझ्या हातून गेली — "तुमच्याकडे दिलं होतं." दूध उतू गेलं — "तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना." ते लगेच मानायचे. "व्हय का? इसरून राहिलो मी आजकाल." घरात जे चुकायचं ते आता त्यांच्या नावावर जायचं. आणि मी कधी चुकत नाही, असं सगळे पहिल्यासारखंच म्हणायचे.

क्लासमध्ये ते प्रत्येक पायरी लिहून झाल्यावर मागे वळून मुलांना विचारू लागले, बरोबर आहे का? मुलंच ती. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, तुमचंच नाव इचारा एकदा!" वर्ग हसला. सरांनीच मला येऊन सांगितलं, तेही हसत. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. मालकांनी थांबवलं, पण ऐकलं नाही. मुलांचं वर्ष वाया घालवायचं पाप नको, म्हणाले. त्यांनी शिकवलेलं एकही गणित चुकलेलं नव्हतं.

मी संस्थेच्या नांदेडच्या शाळेत बदली मागून घेतली. इथे माझा भाऊ आहे. सर घरात असतात. कुलूप लावलं का, हे मला विचारतात. जेवलो का, हेही हल्ली विचारतात. खरंच विसरतात की विचारायची सवय लागली आहे, मला कळत नाही. त्यांनाही कळत नाही. आता कुणालाच कळणार नाही — ते मी करून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. वरच्या खोलीत बिलोलीची एक मुलगी भाड्याने राहते, इंजिनिअरिंगच्या परीक्षेची तयारी करते. एक गणित अडलं म्हणून वही घेऊन खाली आली. सरांनी नको नको म्हणत पेन्सिल घेतली आणि पानभर सोडवलं. संध्याकाळी ती पळतच खाली आली. "काका, क्लासमध्ये कुणालाच आलं नव्हतं! तुमचं उत्तर बरोबर निघालं!"

सरांनी वही हातात घेतली. पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तू लिहिलंस का गं?"

"मला कुठलं येतंय? तुम्हीच सोडवलं, दुपारी, इथं बसून." माझा आवाज चढला होता. मुलगीही म्हणाली, "हो काका, माझ्यासमोर."

ते आम्हा दोघींकडे बघून हसले. लहान मुलांची समजूत काढताना हसतात तसे. "अक्षर तर माझ्यासारखंच हाय," म्हणाले. मग तिला वही परत दिली. "बाळ, माझ्या भरवशावर राहू नको. दुसऱ्या कुणाला तरी दाखव. तुझ्या वर्षाचा सवाल हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी तिथेच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. सर खुर्चीत होते, शांत, ऐकण्याच्या मनःस्थितीत. इतकी वर्षं जे सांगायचं होतं त्यासाठी याहून बरी वेळ आली नसती.

मी तिला म्हणाले, काका म्हणतात तसं कर. ती वही घेऊन वर गेली.