सड्यावरच्या दोन रेघा

माणूस पाण्यात उभा राहून माणूस झाला, अशी एक कल्पना आहे. आपले पूर्वज झाडांवरून उतरले ते थेट गवताळ रानात गेले नाहीत, मधला काही काळ ते किनाऱ्यावर राहिले, शिंपल्यांसाठी कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि नाक पाण्याच्या वर राहावं म्हणून दोन पायांवर ताठ झाले, असं ती सांगते. बहुतेक तज्ज्ञांनी ती नाकारली आहे. हाडांचा पुरावा तिच्या बाजूने नाही. मी तिच्यावर तीनशे पानांची थरारक कादंबरी लिहिली.

कादंबरीत एक संशोधक बाई आहे, तिच्या मागावर असलेली माणसं आहेत, कॉटन ग्रीनच्या गोदामांमधून एक पाठलाग आहे आणि शिवडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेलं एक प्रकरण आहे. शेवटी कोकणातल्या एका सड्यावर तिला कातळात कोरलेला उभा माणूस सापडतो. त्याच्या मांड्यांवरून दोन नागमोडी रेघा आडव्या गेलेल्या असतात. रेघा म्हणजे पाणी. म्हणजे हे कोरणाऱ्यांना आपण कुठून आलो ते आठवत होतं. सगळी गोष्ट त्या दोन रेघांवर उभी आहे.

सडा खरा आहे. जांभ्या दगडाचं ते उघडं पठार माझ्या माहेरच्या गावाच्या डोक्यावर आहे. माणूसही खरा आहे. कोकमाची सोलं त्याच्या पोटावर वाळत घातलेली मी लहानपणी पाहिली आहेत. रेघा मात्र मी काढल्या. घोडपदेवच्या आमच्या खोलीत, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून.

त्याआधी सव्वीस वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होते. काम दुसऱ्यांच्या बातम्या नीट करण्याचं. आकडे तपासायचे, विशेषणं काढायची, दिशा आणि अंतर विचारून घ्यायचं. निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली तेव्हा ही सवय सुटली नाही. खोट्या रेघांची जागासुद्धा मी बातमीसारखी दिली: सड्याची पश्चिम कड, जुन्या चिरेखाणीपासून साठ पावलं. गावाचं नाव बदललं होतं, पण त्या गावच्या माणसाला ते ओळखायला पहिला परिच्छेद पुरेसा होता. पुस्तकाच्या शेवटी मी एक पान जोडलं, काय खरं आणि काय रचलेलं, याचं. ‘दोन रेघा लेखिकेच्या कल्पनेतल्या आहेत’ हे वाक्य त्यात होतं. शेवटचं पान कोणी वाचत नाही, हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. वर्तमानपत्रात आम्ही खुलासे आतल्या पानाच्या तळाशी छापत होतो, ते याच कारणाने.

जुने सहकारी भेटले की विचारत, “काय बाई, परग्रहावरून कोणाला उतरवलंत की नाही अजून?” मी सांगे, पुढच्या भागात. असल्या पुस्तकांची लाज वाटावी अशी त्यांची अपेक्षा होती. मला वाटली नाही. माणूस कुठून आला हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याच्या मागे धावणारी गोष्ट वाचताना गिरगावातला एखादा क्लार्क रात्रीचं जेवण विसरत असेल, तर त्यात कमी दर्जाचं काही नाही. कल्पना खोटी ठरली तरी गोष्ट चालते. अट एकच, ती गोष्ट म्हणूनच विकली पाहिजे.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर होता, आता वडिलांच्या कॉटन ग्रीनच्या खोलीत राहतो आणि आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस आहे. गिरणगावात कोकणातल्या प्रत्येक गावाचं असं मंडळ असतं. गावचं देऊळ, गावचा रस्ता, गावचं भांडण, सगळं आधी मुंबईत ठरतं आणि मग गावाला कळवलं जातं.

“काय गो पेपरवाली,” तो म्हणाला, “तुझा सत्कार ठरलाय. एप्रिलात, लालबागच्या हॉलमध्ये. आणि फोटो पाठवलाय तो बघ.”

फोटो सड्यावरच्या माणसाचा होता. कोरीव खाचा उथळ असतात, फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्यावरून खडू फिरवायची पद्धत आहे. माणसाच्या कडेने पांढरा खडू फिरवलेला होता. मांड्यांवरून दोन नागमोडी रेघाही गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मी कॉटन ग्रीनला गेले.

“रेघा कोणी काढल्या?”

“काढल्या काय काढल्या? होत्याच त्या. जत्रेला गेलेलो तेव्हा मी खडू मारला.”

“दादा, त्या नाहीत तिथे. मी रचल्यात.”

“पाऊस खाऊन खाऊन झिजल्यात. तू लिवलंस म्हणजे आजोबांकडून ऐकलं असशील.”

“ओट्याशेजारी बसून लिहिलं मी.”

तो हसला. “तुका काय वाटता, मी येडा आहे? पश्चिम कड, चिरेखाण, साठ पावलं. मी स्वतः मोजली. त्रेसष्ट भरली. आणि तू आयुष्यात कधी थाप मारलीस? पेपरात होतीस तू.”

त्याने माझ्यावर ठेवला होता तेवढा विश्वास डेस्कवर माझ्यावर कोणी ठेवला नव्हता, आणि तो नेमका खोट्या वाक्यावर ठेवला होता. शेवटचं पान मी उघडून दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि पुस्तक मिटलं. “हे कायद्यासाठी लिवावं लागतं, माहीत आहे मला. सिनेमाच्या आधी दाखवतात तसं.”

मार्चमध्ये तो फोटो वर्तमानपत्रात आला, माझ्याच जुन्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत. मथळा होता, ‘मानवाचा उगम कोकणात?’ आधार दोन: मंडळाची स्मरणिका आणि माझी कादंबरी. स्मरणिकेतला लेख कादंबरीवरूनच लिहिला होता. म्हणजे आधार एकच, आणि तो मीच. डेस्कवर फोन केला. पलीकडची उपसंपादक मुलगी सभ्य होती.

“मॅडम, प्रश्नचिन्ह टाकलंय ना आपण.”

“मला खुलासा हवाय.”

“तक्रार कोणाची?”

“लेखिकेची.”

“पण यात तुमचं नुकसान काय झालंय?”

खुलासा छापला गेला नाही. गिरगावातल्या प्रकाशकांचा मात्र दुसऱ्या दिवशी फोन आला. बातमीमुळे मागणी वाढली होती, त्यांना दुसरी आवृत्ती काढायची होती. “एकच करू या ताई, ते शेवटचं पान काढू. वाचकाला कशाला शंका द्यायची?” मी नाही म्हटलं. मग आवृत्ती जरा थांबवू, असं ते म्हणाले. थांबवा, म्हटलं.

इथपर्यंत प्रकरण कागदाचं होतं. कागदावरची चूक कागदावर दुरुस्त होते, उशिरा का होईना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दादाने सहज सांगितलं, की कार्यकारिणीने ठराव केलाय. खडू टिकत नाही, सारखा नव्याने मारावा लागतो. बातमी वाचून माणसं सडा बघायला यायला लागलीत, त्यांना रेघा दिसत नाहीत. तेव्हा चिरेखाणीवरच्या एका पाथरवटाला सांगितलंय. सत्कारानंतरच्या मंगळवारी तो छिन्नीने रेघा मारून देणार, दोन बोटं खोल.

“मूळच्या आहेतच,” तो म्हणाला, “आपण फक्त जरा उठाव देतोय.”

तो माणूस कोणी कोरला, केव्हा कोरला, कशासाठी, हे कोणालाच ठाम सांगता आलेलं नाही. त्याच्या मांड्यांवर माझ्या टेबलावरच्या दोन रेघा कोरल्या गेल्या असत्या, तर त्या कुठल्याच खुलाशाने निघाल्या नसत्या. पुढे येणाऱ्याने त्या मूळच्या समजून मोजल्या असत्या.

मला कार्यकारिणीपुढे बोलायचंय, असं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तुला ठाऊक नाही? माहेरवाशिणीचा सत्कार असतो. मत नसतं.”

नियम जुना आहे. लग्न झालेल्या बाईचं गाव नवऱ्याचं. माहेरच्या मंडळात तिला ओटी मिळते, साडी मिळते, वर्गणी दिली तर पावतीही मिळते. बैठकीला ती बसत नाही. अध्यक्षांना मी पत्र लिहिलं, त्यात पुस्तकातलं ते पान जोडलं. पोच आली नाही. सत्कार नाकारायचा, असं मी ठरवलं होतं. मग निमंत्रणपत्रिका हातात आली. क्रमांक सात, माहेरवाशिणीचा सत्कार. क्रमांक आठ, सत्काराला उत्तर. तेवढा एक माईक माझ्या वाट्याचा होता. मी येते म्हणून कळवलं. दादाला आनंद झाला. वहिनीने सांगितलं, त्याने नवा शर्ट घेतलाय.

हॉल दुपारी चारलाच भरला होता. चारशे माणसं असतील. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर सड्यावरचा माणूस होता, रेघांसकट. अध्यक्षांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि सांगितलं, की आमच्या या बहिणीने जगाला दाखवून दिलं, पहिला माणूस आपल्या गावात उभा राहिला. टाळ्या बराच वेळ चालल्या. दादा व्यासपीठाच्या कडेला टेबलाशी बसून कार्यक्रमाची नोंद घेत होता.

मी चार वाक्यांत बोलायचं ठरवून गेले होते.

“फ्लेक्सवरच्या माणसाच्या मांड्यांवर ज्या दोन रेघा आहेत, त्या सड्यावर नाहीत. त्या मी रचल्या. पुस्तक गोष्टीचं आहे, आणि पहिला माणूस आपल्या गावात उभा राहिला, याला कसलाही पुरावा नाही. मंगळवारी तिथे छिन्नी लागणार आहे, ती लावू नका.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून आवाज आला, “ओ मॅडम, मस्करी करताय काय?”

“नाही.”

“मग पेपरात आलंय ते काय?”

“पेपरात माझ्याच पुस्तकावरून आलंय.”

“म्हणजे तू आमका फसवलंस!”

“पुस्तकाचं शेवटचं पान वाचा. छापील आहे.”

“माईक बंद करा रे तिचा!”

अध्यक्ष उभे राहिले. वेळेचं बंधन आहे, असं म्हणाले. दादा टेबलावरून उठून माझ्यापाशी आला होता. नव्या शर्टाला घड्या तशाच होत्या. तो हळू आवाजात म्हणाला, “उतर खाली. लाज काढलीस माझी.”

“तुझी नाही. माझी काढतेय. लिहून घे.”

“काय लिहून घेऊ?”

“मी बोलले ते. आणि हेही लिही, मंगळवारी खडू पुसा आणि बोट फिरवा. माणसाच्या कडेला खाच लागेल. रेघांना काही लागणार नाही.”

हे शेवटचं माईकमध्ये गेलं, कारण तोपर्यंत तो बंद झालेला नव्हता. मग झाला. मी खाली उतरले. वाट द्यायला कोणी सरकलं नाही, भिंतीकडेने बाहेर आले. वहिनी दारापर्यंत आली आणि परत फिरली.

मंगळवारी दुपारी दादाचा फोन आला. तो गावाहून बोलत होता, मागे वारा होता.

“पाथरवट आलाय,” तो म्हणाला. “म्हणतो, जुनी रेघ दाखवा, मी तिच्यावरून मारतो. नाहीतर माझ्याकडून सरळ यायची नाही. म्हणून खडू पुसला.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“हात फिरवला मी. तीनदा फिरवला. काय नाय गो तिथे.”

“मी सांगितलं होतं तुला.”

“सांगितलंस. पण चारशे माणसांत सांगायचं होतं?”

“दुसरा माईक दिला होतात मला?”

त्याने फोन ठेवला. पाथरवटाला परत पाठवल्याचं मला वहिनीकडून कळलं.

मी लेखी माफी मागावी, असं मंडळाने कळवलं आहे. गावाची बदनामी केली, असा आरोप आहे. मी माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. गोष्ट रचल्याबद्दल माफी मागायची नसते, आणि खरं सांगितल्याबद्दलही नसते. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघाली तर ते पान पुस्तकाच्या सुरुवातीला असेल, हे मी प्रकाशकांना लिहून कळवलं आहे. दुसरी कादंबरी अर्धी झाली आहे. तिच्यातली कल्पना पहिलीपेक्षा अधिक अचाट आहे. जागेचं अंतर मी या वेळीही पावलांत दिलं आहे, फक्त सडा कोणाच्याच गावचा नाही.

मे महिन्यात कार्यकारिणीची बैठक झाली. तिच्यात एकच ठराव झाला, की यापुढे मंडळाच्या कार्यक्रमात सत्काराला उत्तर देण्याची पद्धत बंद. ठराव चिटणिसाने, म्हणजे दादाने मांडला. एकमताने मंजूर झाला. छिन्नीचा जुना ठराव त्यांनी रद्द केलेला नाही, त्यावर कोणी बोललंही नाही. पण पाथरवटाला पुन्हा बोलावलेलं नाही, आणि कातळावरच्या माणसाच्या मांड्या कोऱ्या आहेत.