एका चाकावरच्या वन्सं

आमच्या वन्सं दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतो, पण माप म्हणजे काही दात नव्हेत. त्या मापावरून प्लास्टरचा साचा करायचा, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासून चकचकीत करून परत पाठवायचं. हे सगळं एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर वन्सं करतात. ऐन विशीत त्या टेबलाशी बसल्या, त्या अजून उठलेल्या नाहीत. आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्यांनी बसवलेल्या दातांनी हसतात, आणि मध्यंतरी ते त्यांनाच हसत होते. मला त्याचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. ‘झालं नाही’ असं कुणी म्हटलं तर त्या तिथल्या तिथे दुरुस्ती करतात. आम्ही तिघं एकाच घरात राहतो. घर त्यांनी घेतलेलं आहे, पण ही गोष्ट आमचे हे सोयीस्करपणे विसरतात आणि कर्त्या पुरुषासारखे वागतात.

तर त्या खिडकीतून खाली एक पत्र्याचं छप्पर असलेलं मैदान दिसतं. तिथे संध्याकाळी काही मोठी माणसं एकचाकी सायकल चालवायला जमतात. हो, मोठीच. एक औषधांच्या दुकानातला, एक शिक्षिका, कुणी पेन्शनवाले, आणि त्या सगळ्यांना शिकवणारा एक बस ड्रायव्हर. वन्सं कवळी घासता घासता त्यांच्याकडे बघत बसायच्या. एक दिवस काम संपवून सरळ खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “मला जमेल का?”

“वय काय तुमचं?” ड्रायव्हरने विचारलं.

“तुमचं काय?” वन्संनी विचारलं.

ड्रायव्हर हसला आणि त्याने सायकल पुढे केली. वन्सं तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

एकचाकीला हँडल नाही, ब्रेक नाही, आणि चाक पायडलला जखडलेलं असतं. पाय थांबले की चाक थांबतं आणि चाक थांबलं की माणूस जमिनीवर. सुरुवातीला सगळे कठडा धरून चालवतात. वन्संही कितीतरी आठवडे कठड्याला चिकटून होत्या. घरी यायच्या तेव्हा नडग्या काळ्यानिळ्या झालेल्या असायच्या, कारण सायकल सटकली की पायडल नेमकं तिथेच लागतं. मी हळद लावायला गेले की म्हणायच्या, “राहू दे गं. उद्या परत लागणारच आहे.”

ह्यांना हे कळलं तेव्हा घरात जे झालं ते विचारू नका. “ताई, तुला म्हातारचळ लागलाय का? सर्कशीत जायचं होतं तर तरुणपणी जायचं!”

“तरुणपणी वेळ नव्हता. तुझ्या कॉलेजसाठी लोकांचे दात बसवत होते.”

“साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही.”

“साठीला अजून सात वर्षं आहेत. तोवर चालवून घेते.”

हे चरफडत आत गेले. मी तोंडाला पदर लावला होता, तो हसू दिसू नये म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला!

मग एका संध्याकाळी मी इस्त्री करत असताना वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. चप्पलही काढली नव्हती. म्हणाल्या, “आज सुटले.”

“कशातून?”

“कठड्यातून. अख्खं मैदान. कशालाही न धरता.”

मी त्यांना इतक्या वर्षांत आनंदी पाहिलं नव्हतं असं नाही, पण हा आनंद कुणाच्या बारशाचा, कुणाच्या निकालाचा नव्हता. तो त्यांचा एकटीचा होता. मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला, आणि शर्टाची कॉलर जरा करपली.

पुढे सगळं सुरळीत चाललं असतं, पण वन्संच्या हाताला एक सवय होती. त्यांच्या कामात टेबलावरून काही घरंगळलं की ते खाली पडायच्या आत हात जायला लागतो. कवळी फरशीवर पडली की दोन तुकडे, आणि तिकडे कुणीतरी आजोबा आणखी आठवडाभर पेज पीत बसणार. तीसेक वर्षं त्यांचा हात असा विजेसारखा खाली जातोय. एकचाकी शिकवताना ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून सांगायचा, “तोल गेला की पायांवर उतरा आणि सायकल पडू द्या. ती पडायलाच बनवलीय.” बाकीच्यांना हे पटकन जमलं. वन्संचे पाय बरोबर जमिनीवर यायचे, पण सायकल पडायला लागली की हात तिच्या मागे धावायचाच. एकदा असाच धावला, सीटखाली अडकला, आणि वन्सं त्याच हातावर आपटल्या. उजवं मनगट. हाडाला चीर गेली.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे,” ह्यांनी दवाखान्यातच सुनावलं.

प्लास्टर निघेपर्यंत कामाचा डोंगर साठला. मालकाने अर्धी कामं बाहेर पाठवली, ती बिघडून परत आली, आणि बोळक्या तोंडांची माणसं दवाखान्यांतून तक्रारी करायला लागली. मालक काही दुष्ट माणूस नाही. वन्संच्या हातावर त्याचा धंदा उभा आहे आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच प्लास्टर निघालं त्या दिवशी त्याने वन्संना समोर बसवलं आणि सांगितलं, “बाई, एक तर हात किंवा ते चाक. परत चढलात असं कळलं तर इथे येऊ नका.”

वन्सं पिशवी उचलून निघाल्या. घरी आल्या तर त्यांनी हौसेने विकत घेतलेली सायकल ह्यांनी माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे टाकून दिलेली. वर म्हणतात कसे, “तुझ्याच भल्यासाठी.”

वन्सं त्या रात्री जेवल्या नाहीत. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, “मला दोन्ही पाहिजे. काम मला आवडतं गं. मी ते सोडणार नाही. पण संध्याकाळी खिडकीत बसून दुसऱ्यांना चालवताना बघायचं, हे आता माझ्याच्याने होणार नाही. एकदा चालवल्यावर होत नाही.”

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि सायकल माळ्यावरून उतरवली. धूळ पुसली. त्यांच्या खोलीत, पलंगाला टेकवून ठेवली. ह्यांनी संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हटलं, “मी काढली. काय म्हणणं आहे?” ह्यांनी पेपर उघडला.

पण नुसती सायकल काढून भागणार नव्हतं. तो हात आवरायला हवा होता. पुन्हा मनगट गेलं तर मालकाने काढायची वाटच बघायला नको, मेणाची सुरी धरणारी बोटंच राहणार नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, सराव करा. मग आम्ही घरीच सुरू केलं. मी ओट्यावरून स्टीलची वाटी ढकलायची आणि वन्संनी ती पडू द्यायची. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक वाटी झेलली. पाठीमागे हात बांधून उभ्या राहिल्या तरी झेलली! “अहो वन्सं, सोडा ना!” मी ओरडायची, आणि त्या वाटी हातात घेऊन स्वतःवरच चिडायच्या. शेवटी युक्ती निघाली. काही पडायला लागलं की दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. हातांना काहीतरी करायचं होतं, तर हे करा. मग हळूहळू वाट्या पडायला लागल्या. वाट्या, पेले, झाकणं, एकदा तर अख्खी परात. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्यात काही भांडण चाललंय का?” मी म्हटलं, “नाही हो, सराव चाललाय.” त्या जिना उतरताना दोनदा मागे वळून बघत गेल्या. परातीला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

मैदानावर एकचाकीची शर्यत ठरली होती, रविवारी, आणि वन्संनी तिच्यात नाव दिलं होतं. शुक्रवारी वन्सं स्वतःहून मालकाकडे गेल्या. कुणीतरी त्याच्या कानावर घालणारच, त्यापेक्षा आपणच सांगावं, असा त्यांचा हिशेब. म्हणाल्या, “रविवारी मी शर्यतीत उतरणार आहे. सोमवारी कामावर येईन. काढायचं असेल तर सोमवारी काढा.” आणि उरलेली कवळी घासायला बसल्या.

ह्यांनी घरी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. “सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आहे हिला! या वयात दुसरं काम कोण देणार आहे?” खरं सांगते, मलाही धास्ती वाटत होती. वन्संकडे पाहिलं, तर त्या सीटचा नट आवळत होत्या.

रविवारी मैदानावर आम्ही दोघंही गेलो. हे ‘मी येणार नाही’ म्हणत म्हणत माझ्याआधी बूट घालून तयार होते. पन्नाशीच्या पुढच्यांची शर्यत वेगळी होती, ट्रॅकला दोन फेऱ्या. पाचजण उतरले होते. नियम असा की, पडलात तर जिथे पडलात तिथूनच परत चढायचं, आणि चढताना कशाचाही आधार घ्यायचा नाही. ना कठडा, ना माणूस. वन्संचं हेच तर कच्चं होतं. आधाराशिवाय त्यांना कधी चढता यायचं, कधी नाही.

पहिली फेरी त्या तिसऱ्या होत्या. पाठ ताठ, नजर समोर. आमच्या मागे बसलेला कुणीतरी म्हणाला, “आजीबाई जोरात आहेत!” आणि त्याच्या बरोबरचे खिदळले. मी मागे वळून म्हटलं, “तुम्ही खाली उतरून दोन पावलं चालवून दाखवा, मग हसा.” ह्यांनी माझा हात दाबला, पण गप्प बस म्हणाले नाहीत.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर पुढच्या गृहस्थांचं चाक डगमगत आडवं आलं. वन्संचा तोल गेला. मी डोळे मिटले. सायकल आपटल्याचा खणखणीत आवाज आला. डोळे उघडले तर वन्सं दोन पायांवर उभ्या होत्या आणि दोन्ही हात डोक्यावर, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. सायकल पलीकडे लोळत पडली होती. तिच्याकडे त्यांनी बोटसुद्धा नेलं नव्हतं. मी जी ओरडले ते काय ओरडले ते मला आठवत नाही.

मग त्यांनी सायकल उभी केली आणि चढायला गेल्या. नाही जमलं. परत गेल्या. नाही जमलं. बाकीचे चौघं रेघेपार झाले होते. पुढच्या शर्यतीची तयारी करायला पोरंपोरी रेघेवरची निशाणं उचलायला लागली. हे उठून उभे राहिले आणि हाताचा कर्णा करून ओरडले, “ताई, पुरे झालं! चालत ये!”

वन्संनी तिथूनच मान वळवली. “तू गप्प बैस! आणि ए, ती निशाणं जागेवर ठेवा! मी अजून यायचीय!”

अख्खं मैदान हसलं, पण ते हसणं निराळं होतं. निशाणं परत लागली. वन्संनी सीट अंगाखाली घेतली, एक पाय पायडलवर ठेवला, श्वास घेतला आणि चढल्या. चाक जरा मागे गेलं, पुढे आलं, आणि मग निघालं. रेघ ओलांडली तेव्हा त्या शेवटून पहिल्या होत्या. ह्यांचे डोळे भरून आले होते. विचारलं तर म्हणाले, “पडली तरी नाक वर!” आणि रुमाल शोधायला लागले.

सोमवारी सकाळी मी वन्संच्या सोबत गेले. निमित्त हवं म्हणून शेजारच्या आजोबांची सैल झालेली कवळी पिशवीत घातली. मालक टेबलापाशीच उभा होता. वन्संनी नेहमीसारखं ॲप्रन चढवलं, बसल्या आणि दोन्ही हात त्याच्यासमोर टेबलावर पालथे ठेवले.

“बोटं मोजून घ्या.”

मालकाने खरंच हातांकडे पाहिलं. मनगट उलटं करून पाहिलं. मग सुस्कारा टाकून म्हणाला, “ठीक आहे बाई. झालं ते झालं. हौस फिटली ना? आता ह्यापुढे नाही. तेवढा शब्द द्या म्हणजे विषय संपला.”

मी मनात म्हटलं, द्या हो वन्सं, एक शब्द तर आहे, कुठे तपासायला येणार आहे तो. मी त्यांच्या जागी असते तर दिला असता.

“पुढची शर्यत मार्चमध्ये आहे,” वन्सं म्हणाल्या. “मी तिच्यात उतरणार, आणि तुम्हाला सांगून उतरणार. हात माझे आहेत. दिवसभर तुमच्या कामाला देते, आणि मन लावून देते. पण संध्याकाळी ते माझ्याबरोबर घरी येतात.”

मालकाचा चेहरा लाल झाला. बाजूच्या टेबलावरचं घासायचं मशीन कुणीतरी बंद केलं, त्यामुळे सगळं आणखीच स्पष्ट ऐकू येत होतं.

“म्हणजे मी तुम्हाला काढावं असं म्हणताय?”

वन्संनी दिवा पेटवला. मेणाची सुरी आचेवर धरली आणि समोरचा साचा जवळ ओढला.

“ते तुम्ही ठरवा. घाई नाही. तोवर हे वरचे पुढचे सहा दात बसवून टाकते. त्या बाईंच्या मुलीचं परवा लग्न आहे, त्यांना फोटोत हसायचंय.”

आणि त्यांनी पहिला दात उचलला. मालक आपल्या खोलीत निघून गेला. त्यानंतर कितीतरी मार्च येऊन गेले. मालक अजून ठरवतोय.